जवळच्या डोळ्यावर फोकस

सुनंदा,

त्या रशियन लेन्सचं पुढचं भिंग तू चुकून उलट बसवलं होतंस. मुद्दाम नाही, चुकून. तू होतीस तेव्हाही मी हेच म्हणत होते आणि आता तू नाहीस म्हणून माघार घेणार नाही. तूही घेतली नसतीस.

रविवार होता. शाळा बंद होती, तरी तू प्रयोगशाळेची किल्ली मागून आणली होतीस, कारण घरी लेन्स खोलायला बसलीस की सुधाकरभाऊजी “चालू वस्तू काहून खोलून राहिली?” म्हणून मागे लागायचे. लेन्सच्या आत बुरशी धरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. समोरची कडी काही केल्या निघेना. तेव्हा तू रसायनांच्या कपाटातलं मोठं रबरी बूच काढलंस, कडीवर दाबून धरलंस आणि फिरवलंस. कडी सुटली. तुझा चेहरा असा काही खुलला की निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही तसा खुलला नव्हता. भिंगं पुसून तू फडक्यावर ओळीनं मांडलीस. मी चहाचे कप ठेवायला गेले, माझ्या कोपरानं फडकं सरकलं, ओळ बिघडली. तू म्हणालीस, “काही होत नाही, मले पाठ आहे.” सगळं परत जागच्या जागी बसवलंस आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचा फोटो काढलास. मधली एक डहाळी तेवढी स्पष्ट आली. बाकीचं सगळं झाड तिच्याभोवती गरगर फिरत होतं, दुधात कालवल्यासारखं.

“असंच पाहिजे होतं मले,” तू म्हणालीस.

“खोटं बोलू नको. भिंग उलटं बसलंय.”

“उलटंच बसवलं. प्रयोग आहे हा.”

“मग सुलटं करून दाखव.”

“कायले? चांगलं चालून राहिलं तं.”

ती लेन्स तू कधीच सुलटी केली नाहीस. पुढं तिनं काढलेले फोटो लोकांना दाखवताना तू भौतिकशास्त्राच्या बाई म्हणून असं काही समजावून सांगायचीस, की मी गप्पच बसायची. चारचौघांत तुझी बाजू पडू द्यायची नाही, हे मी ठरवलेलं होतं. घरी परतताना मात्र रस्ताभर भांडायची.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तू तिकडची शाळा सोडून आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत आलीस. तू भौतिकशास्त्राची, मी मराठीची. शिक्षकखोलीत आपल्या खुर्च्या शेजारी आल्या ते केवळ पंखा एकच होता म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी तुला टोकलं होतं, “वर्गात तरी ‘मला’ म्हणत जा, मुलं शिकतात.” तू शांतपणे म्हणालीस, “मुलं घरी जाऊन मायले ‘मला भूक लागली’ म्हणतील तं माय ताट वाढणार नाही काय?” मी पुढं कधी टोकलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही घरी ‘मले’च चालायचं. शाळेच्या फाटकात पाय ठेवला की मी भाषा बदलायची, एवढाच फरक.

लेन्सांचं वेड तुला शाळेमुळंच लागलं. प्रयोगशाळेतली भिंगं फुटून संपली होती आणि नवी येत नव्हती. भंडाऱ्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून तू मोडका कॅमेरा आणि दोन लेन्सा घेऊन आलीस. एका लेन्ससमोर तेलकट कागद धरून तू वर्गातल्या मुलांना मैदानावरचं वडाचं झाड उलटं लोंबकळताना दाखवलंस. मुलं ओरडली. पण सगळ्यांत जास्त वेळ त्या कागदाकडे तूच बघत बसली होतीस. घंटा झाली तरी तू उठली नाहीस. मग तू एक वापरलेला डिजिटल कॅमेरा मिळवलास, जुनी लेन्स त्याला बसावी म्हणून मधली अडॅप्टरची कडी मागवलीस, आणि तुझा हा संसार सुरू झाला.

नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजारात तू मला ओढत न्यायचीस. फुटपाथवर घड्याळं, टेलिफोन, पितळी नळ, आणि मध्येच एखादी धुळकट लेन्स. तू ती उचलायचीस ती अशी, जसं काही भाजीवालीकडं वांगं पाहावं. आधी उन्हाकडं धरून आत बघायचीस, बुरशी आहे का, चरे आहेत का. मग लेन्सवरची फोकसची अंगठी फिरवायचीस. फार सैल असेल तर तोंड वाकडं करायचीस. घट्ट असेल तर कानाशी नेऊन ऐकायचीस, आतून वाळू किरकिरते का. शेवटी उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या उघडून मिटून बघायचीस. विकणारा मोबाईल बघत बसलेला असायचा. “बिघडली दिसते बाप्पा,” तू इतक्या दुःखानं म्हणायचीस की त्यालाही वाईट वाटायचं आणि तो निम्म्या भावात देऊन टाकायचा. बसमध्ये बसल्यावर पदराखालून लेन्स काढून माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, “फिरव. फिरव ना. लोणी आहे लोणी.” मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण खरंच ती अंगठी फिरायची सुरेख, कुठं न अडखळता, आणि भंडारा येईपर्यंत मी ती उगाच फिरवत बसायची.

आपल्याकडची हवा लेन्सांची वैरीण. पावसाळ्यात भिंतीला ओल, तांदळाला कीड, लेन्सला बुरशी. चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या तू अख्ख्या शाळेकडून गोळा करायचीस. कोणी नवे बूट घातले की आधी “पुडी कुठं आहे?” असं विचारायचीस, मग “छान आहेत” म्हणायचीस. आणि एकदा उन्हाळ्यात तू लेन्सांना ऊन दाखवायला गच्चीवर चादर अंथरलीस, त्यावर त्या उभ्या मांडल्यास, आणि खाली येऊन झोपलीस. जाग आली ती जळका वास आल्यावर. बहिर्गोल भिंगानं सूर्यकिरण एकत्र येतात हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंची चादर भोकाभोकांची झाली होती. भाऊजींनी ती चादर कितीतरी दिवस टाकू दिली नाही. पाहुणे आले की मुद्दाम तीच अंथरायचे.

मी तुझ्याशी वाद घालायची ते या हातानं फोकस करण्यावरून. आजकाल कॅमेरा स्वतःच चेहरा शोधतो, डोळा शोधतो, मग हा खटाटोप कशाला? गावाबाहेरच्या बोडीवर खंड्या बसलेला असायचा. तू कॅमेरा लावायचीस, अंगठी इकडं फिरव, तिकडं फिरव, श्वास धरून उभी. तळ्याच्या काठावर मी डास मारत. खंड्या उडून जायचा.

“तुझा फोकस होईपर्यंत पक्षी नदी ओलांडून मध्यप्रदेशात गेला,” मी म्हणायची.

“गेला तं गेला. तेवढा वेळ मी त्याच्याकडं पाहिलं ना? तू पाहिलं काय? तू डास पाहिले.”

यावर मी आणखी एक डास मारायची. मला ते पटलं नव्हतं. पटलं फार उशिरा, आणि ते पक्ष्यांमुळं नाही.

माझ्या ओठाशेजारी पहिला पांढरा डाग आला तेव्हा मी तो भाजल्याचा म्हणून सांगितला. मग डोळ्याभोवती आला, मग हातांवर. कोड. डॉक्टर म्हणाले, याचा कोणाला संसर्ग होत नाही, काही दुखणार नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी हळदीकुंकवाला माझ्या कपाळाशी येताना बोटं जरा लांबूनच यायला लागली. भाचीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा वहिनी म्हणाली, “ताई, ते जाईस्तोवर तुम्ही आतच बसा. उगाच त्यांना वाटायचं, घराण्यात आहे.” मी आत बसले. पोह्यांची बशीही तिनं आतच आणून दिली, वर शेव जास्त घालून.

त्याच भाचीच्या लग्नाचा अल्बम आला. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर माझा चेहरा साफ करून टाकला होता. एकही डाग नाही, एकसारखा गव्हाळ रंग. मला तो फोटो आवडला, सुनंदा. मी तो फोनवर लावला. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत तू तो पाहिलास.

“हे कोण आहे?”

“मी.”

“नाही. तुझं लुगडं नेसून कोणी दुसरीच बसली आहे.”

“तुझं काय जातं गं बोलायला?” मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. आणि माझी खुर्ची उचलून खिडकीकडं नेली, पंखा नसलेल्या बाजूला.

किती दिवस आपण बोललो नाही, आठवत नाही. तू समजूत काढायला आली नाहीस. माफीही मागितली नाहीस. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवून निघून जायचीस, जशी रोज ठेवायचीस. मी ती खायची. वांग्याची असली तरी खायची.

शेवटी मीच बोलले. “काढ माझा एक फोटो,” म्हणाले. “पण त्या उलट्या भिंगानं काढ.”

तू विचार केलास. अगदी प्रामाणिकपणे विचार केलास. “त्यानं मधलं स्पष्टच येते वं. कडा तेवढ्या विरघळतात. तुले फोटोच्या कोपऱ्यात बसवू काय मग?”

आधी मी हसले की तू, ते काही ठरलं नाही. पण तू उलटी लेन्स पिशवीतून काढलीच नाहीस. जपानी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावलीस, तुझी सगळ्यांत धारदार. प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ स्टुलावर मला बसवलंस. दुपारचं ऊन भिंतीवरून उलटून माझ्या तोंडावर येत होतं.

तेव्हा मला कळलं, हातानं फोकस करणं म्हणजे काय. तू बघत होतीस. अंगठी एवढीशी पुढं, एवढीशी मागं, आणि तू बघतच होतीस. डाग आल्यापासून माझ्या चेहऱ्याकडं इतका वेळ कोणी बघितलंच नव्हतं. लोक डाग बघायचे आणि पटकन नजर काढून घ्यायचे, चांगुलपणानं घ्यायचे. आरशात मीसुद्धा तेच करायची. तू नजर काढली नाहीस. तुला काढताच येत नव्हती, फोकस सुटला असता.

मग तू कॅमेऱ्याच्या मागचा पडदा मला दाखवलास. प्रत्येक डागाची कड न् कड स्पष्ट. भुवईतले पांढरे झालेले केससुद्धा मोजता यावेत.

“पूस,” मी म्हणाले.

मला वाटलं, तू वाद घालशील. भिंगावरून घालायचीस, खंड्यावरून घालायचीस, तर यावर घालणारच. तू नाही घातलास. “तुझा चेहरा आहे,” म्हणालीस आणि माझ्यासमोर बटण दाबलंस. परत तो विषय काढला नाहीस. मी मात्र त्या दिवसापासून कुंकू लावताना आरशात जरा जास्त वेळ बघायला लागले. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, असं आता वाटतं.

मग तुझं आजारपण. त्यातलं दवाखान्याचं सगळं मी इथं लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं. एकच सांगते. औषधांनी तुझी बोटं बधिर झाली होती. गाऊनची बटणं लावता येत नव्हती, खडू धरता येत नव्हता. केस गेले त्याचं तुला काही वाटलं नाही, पण अंगठी फिरतेय की नाही हे बोटांना कळेना, तेव्हा तू रडलीस. मी तुला रडताना तेव्हाच पाहिलं.

धान कापून झालं होतं. तुझ्या माहेरी, कोंढ्याला, आपण गेलो होतो. खळ्यावर धानाचे पुंजणे रचलेले, आणि तुझी थोरली बहीण सुपानं धान पाखडत होती. भुसा वाऱ्यावर उडत होता आणि मागून ऊन येत होतं. तू पिशवीकडं हात नेलास आणि परत घेतलास.

“मी फिरवते,” मी म्हणाले. “तू बघ.”

तू कॅमेरा डोळ्याला लावलास. मी तुझ्या कुशीशी बसून लेन्सची अंगठी धरली. “डावीकडं. अजून. थांब, गेली पुढं. मागं घे बाई, जराशी. हं. हं! हात हलवू नको!” तुझी बहीण सूप थांबवून आपल्याकडं बघून हसायला लागली, “दोघींले मिळून एक फोटो काढता येत नाही काय?” आणि तू नेमकं तेव्हाच बटण दाबलंस. तो फोटो आता तिच्या घरी भिंतीवर आहे. ती हसतेय, आणि भुसा तिच्याभोवती सोन्यासारखा. तुझे सगळे फोटो एका पारड्यात घातले तरी मी दुसऱ्यात हाच घालीन.

मग तू डोक्याचा स्कार्फ सोडलास. “आता माझा काढ.”

“स्कार्फ राहू दे ना,” मी म्हणून गेले.

तू नुसतं माझ्याकडं बघितलंस. “तू मले हे म्हणून राहिली?”

मी कॅमेरा घेतला. तू मजेत होतीस. “डोळ्यावर कर. दोन्हीवर होत नाही, जवळच्या डोळ्यावर कर. कायची घाई आहे? आता अंगठी सोड. तूच थोडी पुढं ये. पुढं. हं, अंगानं फोकस कर, बोटानं नाही.” मी पुढं सरकले, मागं सरकले. तुझ्या डोळ्याची कड मला दिसायची आणि विरघळायची, दिसायची आणि विरघळायची. ती विरघळत होती ते लेन्समुळंच असं नाही. तू विचारलंस, “झालं काय वं?” मी म्हणाले, “थांब जरा.” तू थांबलीस. तुझ्या टकलावर कोवळं ऊन होतं, आणि ओठाच्या एका बाजूला हसू आलेलं, कारण मला इतका वेळ लागत होता.

तू गेल्यावर भाऊजींनी तोच फोटो मोठा करून आणला. पुण्यानुमोदनाला घर पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. बुद्धमूर्तीशेजारच्या भिंतीला, खुर्चीवर तुझी तसबीर उभी केली होती. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “केसांचा नव्हता काय एखादा? हा काहून लावला?” भाऊजी मेणबत्ती सारखी करत राहिले. तुझी कोंढ्याची बहीण पुढं आली, डोळ्यांना नीट दिसावं म्हणून वाकली, आणि म्हणाली, “हसून राहिली पाहा. अशीच हसे लहानपनी, मले चिडवून झालं की.”

मंडळी पांगल्यावर सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. तुझी लेक आता थेट तुझ्यासारखी बोलते. तुझ्या कॅमेऱ्याची सगळी कार्डं, सगळा कॉम्प्युटर तिनं बघून काढला होता. मी तिला आधीच विचारून ठेवलं होतं, प्रयोगशाळेतला माझा एखादा फोटो कुठं राहिलाय का बघ. नव्हता. तू खरोखरच पुसला होतास, मागे एखादी प्रतसुद्धा ठेवली नव्हतीस. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

“मावशी,” सुजाता म्हणाली, “आईचा अन् तुमचा दोघींचा एकही फोटो नाही. एक पण नाही. इतकी वर्षं तुम्ही दोघी कॅमेरा घेऊन फिरल्या.”

कसा असेल? एक जण नेहमी कॅमेऱ्यामागं. आणि समोर यायचं म्हटलं की मी पदर ओढून बाजूला.

तिनं जपानी पन्नासची काढली आणि माझ्याकडं बघितलं. मी उठले, खुर्ची घेतली, तुझ्या तसबिरीशेजारी नेऊन ठेवली आणि बसले. खिडकी समोरच होती, सगळा उजेड माझ्या तोंडावर. पदर मी खांद्यावरच राहू दिला. सुजातानं कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठी फिरवली, परत फिरवली, आणि कॅमेरा खाली घेतला.

“मावशी, फोकस कोणावर करू? तुमच्यावर केला की आई पुसट होऊन राहिली, आईवर केला की तुम्ही.”

मी तुझ्यापेक्षा थोडी पुढं बसले होते. मी उठले, खुर्ची मागं सरकवली, तुझ्या तसबिरीच्या अगदी बरोबरीला आणली, आणि परत बसले.

“आता कोणावरही कर,” मी म्हणाले. “दोघी येतो.”